तिसऱ्या तासाचा हेडफोन

साडेतीनशे पानांची कादंबरी ध्वनिमुद्रित झाली की साधारण बारा तासांचा आवाज माझ्या टेबलावर येतो. तो एकदा ऐकून भागत नाही. वाचणाऱ्याने मध्येच घेतलेला मोठा श्वास, ओठ सुटल्याचा चट्ट आवाज, पान उलटल्याची सळसळ, जीभ अडखळल्यावर पुन्हा घेतलेलं वाक्य, हे सगळं वेचून काढायचं तर तासाभराच्या मजकुरामागे तीन-चार तास जातात. म्हणजे रोज सहा-सात तास हेडफोन डोक्यावर. पूर्वी हे आमच्यासारख्या मोजक्यांचंच काम होतं. आता तसं नाही. २०१७ मध्ये स्वीडनची स्टोरीटेल भारतात आली आणि मराठी पुस्तकं कानांनी वाचणारा नवा वर्ग तयार झाला. त्यानंतर लॉकडाऊन आला. शाळा, ऑफिस, गाण्याची शिकवणी, सगळंच कानात आलं. घरटी एक तरी माणूस दिवसाचे चार तास काहीतरी लावून बसलेला असतो.

हेडफोन घेताना मात्र आपण अजूनही दोन मिनिटांचीच परीक्षा घेतो. दुकानात लावतो, ओळखीचं गाणं ऐकतो, बेस घुमला की खूश होतो. जो त्रास होतो तो तिसऱ्या तासाला होतो आणि तिसरा तास दुकानात कधी येतच नाही. या लेखात मी हेडफोनकडे त्या तिसऱ्या तासाला उभं राहून पाहणार आहे.

माझा पहिला कामाचा हेडफोन एका नावाजलेल्या कंपनीचा होता. पैसे साठवून घेतलेला, आवाजाला स्वच्छ. चाळीसेक मिनिटं झाली की माथ्यावर मधोमध कोणीतरी रुपयाचं नाणं दाबून धरल्यासारखं वाटायचं. दुपारपर्यंत कानांच्या पाळ्या लालबुंद, संध्याकाळी दोन्ही कानशिलं ठणकत. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर तोच होता. त्यांनी तपासून झाल्यावर सहज विचारलं, "डोक्याला काही घट्ट लावून बसता का हो तुम्ही?" पुढे कळलं की डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणाऱ्या डोकेदुखीची स्वतंत्र नोंदच आहे. हेल्मेट, पोहण्याचा चष्मा, घट्ट पट्टा यांनी दाब पडत राहिला की तासाभरात ती सुरू होते आणि दाब काढला की तासाभरात थांबते. माझं अगदी तसंच होत होतं. मी चार महिने डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या.

सोयीचा हा प्रश्न हेडफोनइतकाच जुना आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरी बनवलेला हेडफोन आरमाराला पाठवला. बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांनी तो तासन्‌तास घालायचा होता. १९३७ मध्ये जर्मनीतल्या बायरडायनॅमिकने डीटी ४८ आणला, १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढला. हे सगळे बंद पाठीचे होते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने खरं वळण आलं ते १९६८ मध्ये, सेनहायझरच्या एचडी ४१४ ने. त्याची पाठ उघडी होती आणि कानावर नुसता पिवळा स्पंज टेकायचा. हवा खेळती राहायची, वजन नावाला. कानांना कोंडून न घालताही चांगला आवाज देता येतो हे त्याने दाखवून दिलं. १९७९ च्या सोनी वॉकमनबरोबर आलेला स्पंजाचा हलका हेडफोन याच वाटेवरचा, आणि १९८४ पासून आजतागायत विकला जाणारा कॉसचा पोर्टा प्रोही. पोर्टा प्रोचं वजन शंभर ग्रॅमच्या आत आहे, आणि कानाच्या वर कानशिलापाशी टेकणाऱ्या छोट्या गाद्या व दाब कमी-जास्त करायची कळ त्याला आहे. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी कानावरचा थोडा भार कानशिलाकडे वळवायचा विचार केला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आता वजन. डब्यावर छापलेला हा आकडा सगळे बघतात आणि बघावाही. सेनहायझरचा एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅम, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५०, अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास, तर ऑडिझीचा एलसीडी-एक्स सहाशेच्या वर. माझा अनुभव असा की तीनशेच्या आतला हेडफोन दिवसभर चालतो, चारशेच्या पुढचा संध्याकाळपर्यंत मानेला कळतो. बैठकीत मांडी घालून, मान खाली करून काम करणाऱ्यांना तर लवकरच कळतो, कारण मान झुकली की तोच भार पुढे ओढायला लागतो.

तरी वजनापेक्षा ते कुठे पडतं हे जास्त महत्त्वाचं. वरचा पट्टा अरुंद आणि टणक असला तर अडीचशे ग्रॅमही माथ्यावर एका ठिकाणी टोचतात. माझं रुपयाचं नाणं तेच होतं. उलट जाळीचा किंवा चामड्याचा झोळीसारखा पट्टा असेल तर तो डोक्याच्या गोलाईवर पसरून बसतो आणि जड हेडफोनही सुसह्य होतो. एकेजीच्या के७०१ ची सुरुवातीची आवृत्ती आठवते. हलका, झोळीचा पट्टा असलेला, कानांना प्रशस्त. फक्त पट्ट्याच्या आतल्या बाजूला उंचवटे दिले होते. टक्कल पडलेल्या किंवा बारीक केस ठेवणाऱ्या लोकांना ते तासाभरात एकेक करून मोजता येत. पुढच्या आवृत्त्यांत पट्टा सपाट झाला.

वजनाचा जोडीदार म्हणजे दाब. हेडफोन डोक्यावरून घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आत दाबतो. जितका जड, तितका जास्त दाब किंवा तितका चांगला पट्टा लागतो. दाब कमी असला की खाली वाकताना हेडफोन पुढे येतो, जास्त असला की जबड्याचा सांधा दुखतो. चहाबरोबर बिस्किट चावताना कानापुढे दुखलं तर समजावं, दाब जास्त आहे. एचडी ६०० च्या घराण्यातले हेडफोन नवे असताना चांगलेच आवळतात, पण त्यांचा पट्टा काही आठवड्यांत सैलावतो. बऱ्याच घट्ट हेडफोनांचं असंच होतं. घाई असेल तर रात्री डोक्यापेक्षा थोड्याच रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर लावून ठेवायचा आणि सकाळी बघायचं. एकदम जास्त ताणायचं नाही. पट्ट्यात पोलादाची पाती असेल तर ती वळते. नुसतं प्लास्टिक असेल तर एक दिवस कट्‌ असा आवाज येतो आणि मग दुरुस्ती नसते.

डोक्याचं माप हा दाबाचाच भाग आहे. मोठं डोकं, जाड केस, अंबाडा, डोक्याला रुमाल, यापैकी काहीही असलं की तोच हेडफोन दुसऱ्यापेक्षा जास्त आवळतो. म्हणून "तो अगदी मऊ आहे" या मित्राच्या शब्दावर पाच आकडी रक्कम घालू नये.

कानावरच्या कुशनांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं. आपल्या हवेत खरा प्रश्न तिथेच उभा राहतो.

पहिली गोष्ट आकाराची. कान कुशनाच्या आत मावला पाहिजे, कडांवर टेकता कामा नये. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो आणि डोक्यापासून दीड-दोन सेंटिमीटर बाहेर येतो. बहुतेक लोक कपाची रुंदी बघतात, खोली बघत नाहीत. कुशन उथळ असलं की कानाचा वरचा भाग आतल्या जाळीला किंवा पातळ कापडाला टेकतो. सुरुवातीला गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं, अर्ध्या तासाने तेवढाच ठिपका चुरचुरायला लागतो. कानाची कूर्चा दाब सहन करत नाही. तिथे गादी म्हणून चरबीच नसते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा स्टुडिओतला हेडफोन आवाज तपासायला अजून माझ्या टेबलावर आहे, विश्वासाचा आहे, पण त्याची मूळ कुशनं पातळ आहेत. तो मी अर्धा तास वापरतो आणि ठेवून देतो. बाहेर झुकलेले कान असणाऱ्यांनी खोल कुशनांचा हेडफोनच शोधावा, किंवा त्याच हेडफोनला बाजारात मिळणारी जाड कुशनं लावावीत. एवढं मात्र लक्षात ठेवावं की कुशन बदललं की आवाजही थोडा बदलतो.

दुसरी गोष्ट कापडाची. दुकानात सगळ्यांत मऊ लागतं ते कृत्रिम चामडं. बाहेरचा आवाज ते चांगलं अडवतं, बेसही राखतं. पण त्यातून हवा जात नाही. एप्रिलमध्ये पंख्याखाली बसून ते लावा, वीस मिनिटांत कानाभोवती घामाची रिंग तयार होते. शिवाय पॉलियुरेथेनचं हे चामडं दमट हवेत हळूहळू विघटित होतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीत राहणाऱ्यांना हा प्रकार सांगायला नको: दोन पावसाळ्यांत कुशन पापुद्रे सोडायला लागतं आणि हेडफोन काढला की गालावर, कानामागे, पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काळ्या खपल्या दिसतात. त्यात वापरणाऱ्याची काही चूक नसते. वापरला नाही तरी कपाटातल्या कपाटात ते सोलतं.

मखमली कुशनं दुकानात तितकी छाप पाडत नाहीत, हाताला थोडी खरखरीत लागतात. पण घाम शोषतात, वारा येऊ देतात आणि चार-चार वर्षं टिकतात. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० वरची करडी मखमल हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. ती काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुता येते, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. दिवसभर ऐकणाऱ्याने आपल्या हवेत मखमल किंवा विणलेलं कापडच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. बंद हेडफोनमध्ये मखमलीने बेस थोडा पातळ होतो, बाहेरचा आवाज जरा जास्त येतो. माणसाचं बोलणं ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट कुशन आणि कान यांच्यामध्ये येणाऱ्या वस्तूंची. सगळ्यांत नेहमीची म्हणजे चष्मा. कुशन चष्म्याची काडी कवटीवर दाबून धरतं आणि तो दाब कुशनाचा नसून एका बारीक काडीचा होतो. जाड प्लास्टिकच्या काड्यांनी हे जास्त होतं, पातळ धातूच्या काड्यांनी कमी. कुशनाचा स्पंज खरोखर मऊ असेल तर काडी त्यात रुतते आणि त्रास टळतो. म्हणून चष्मेवाल्याने चष्मा घालूनच हेडफोन लावून बघावा. काडीच्या फटीतून हवा जाते, बेस गळतो, गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनची करामतही कमी होते, हे वेगळंच.

दुसरी वस्तू आमच्या स्टुडिओतल्या एका ताईंमुळे कळली. त्या निवेदन वाचायच्या, दिवसभर हेडफोन लावायच्या आणि रोज दुपारी डाव्या कानामागे बोट फिरवत बसायच्या. मी विचारलं, "ताई, कान दुखतोय का?" त्या म्हणाल्या, "कान नाही रे, फिरकी." कुडीची मागची फिरकी कुशनाखाली येऊन कानामागच्या हाडाला रुतत होती. त्यांनी नंतर कामाच्या दिवशी चपट्या मळसूत्राचे टॉप्स घालायला सुरुवात केली, आणि कुशनं जरा रुंद व खोल बघून घेतली. झुमके, बुगडी, भिकबाळी, श्रवणयंत्र, सगळ्यांचा हिशोब हेडफोन घेतानाच करावा लागतो. परदेशी परीक्षणांत बुगडी घातलेला कान कोणी मोजत नाही. तो आपला आपणच मोजायचा.

शरीराचा त्रास संपला तरी कान थकतात ते आवाजाने. तीव्र स्वर उंचावून ठेवलेले हेडफोन दुकानात चमकदार लागतात, सगळे बारकावे समोर येतात. तिसऱ्या तासाला तेच बारकावे सुईसारखे होतात. मराठी बोलण्यात हे लवकर जाणवतं, कारण आपल्याकडे 'स', 'श' यांच्या जोडीला 'चमचा', 'जहाज' मधले दंततालव्य 'च', 'ज' आहेत. प्रत्येक वाक्यात एक-दोन तरी शिट्टीचे वर्ण येतात. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० बसायला अतिशय सुखाचा आहे, पण त्याचे तीव्र स्वर बरेच वर आहेत. दिवसभर बोलणं ऐकायचं असेल तर ते खाली आणावे लागतात. हेडफोन तपासायला गाण्याऐवजी सवयीच्या आवाजातलं दहा मिनिटांचं निवेदन लावावं. 'सासूबाईंनी चष्मा उचलला' असं एखादं वाक्य कानाला टोचलं तर तो हेडफोन कितीही नावाजलेला असो, ठेवून द्यावा.

आवाज किती मोठा ठेवायचा, हा प्रश्न मी सोयीचाच भाग मानतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५. पातळी ३ डेसिबलने वाढली की चालणारा वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणजे जो दिवसाला सहा तास ऐकतो त्याला मोठ्या आवाजाची चैन परवडतच नाही. आता बाहेरचा गोंगाट आठवा. रस्त्याकडेची खिडकी, मिक्सर, शेजारचं बांधकाम. त्यावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवतो आणि गोंगाट थांबला तरी कमी करायला विसरतो. म्हणून शांत खोली असेल तर उघड्या पाठीचा हेडफोन घ्यावा. कान गार राहतात, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. तो दुसऱ्यांना ऐकू जातो, इतकंच. खोली शांत नसेल तर बंद पाठीचा किंवा गोंगाट दाबणारा.

गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनची कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात सुचली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये प्रवाशांसाठी तसे हेडफोन आणले. ते बाहेरचा आवाज मायक्रोफोनने ऐकून त्याच्या उलट लहर सोडतात. एकसारखी घरघर, म्हणजे एसी, पंखा, गाडीचं इंजिन, यावर ते उत्तम चालतात. माणसांच्या बोलण्यावर आणि कुकरच्या शिट्टीवर तितके नाही. एसटीच्या लांब प्रवासात त्यांच्यामुळे मी आवाज बराच खाली ठेवू शकतो आणि उतरताना डोकं हलकं असतं. पण काही जणांना ते लावल्यावर घाटात कान दडपतात तसं वाटतं. आईला दोन मिनिटांत नकोसं झालं. अशा माणसाने सवय होईल म्हणून स्वतःला छळू नये, साधा बंद हेडफोन घ्यावा.

कानात घालायच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. वजनाचा आणि पट्ट्याचा प्रश्न त्यात नाही, पण सिलिकॉनची टोपी योग्य मापाची हवी. डबीत येणाऱ्या तीन जोड्यांपैकी बहुतेक लोक मधलीच लावतात; दोन कानांना दोन मापं लागणंही अगदी सामान्य आहे. कान बंद झाल्यामुळे स्वतःचं बोलणं आणि चावणं डोक्यात घुमतं, म्हणून मीटिंगांना ते कंटाळवाणे होतात. पावसाळ्यात ओल्या कानात ते तासन्‌तास घालणं टाळावं. कानात बुरशी होण्याचे रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच दिवसांत जास्त येतात. हाडातून आवाज नेणारे आणि कानाबाहेर अडकवायचे प्रकार फिरायला जाताना सुखाचे आहेत, कान मोकळे राहतात. मात्र रहदारीत ते पुरत नाहीत आणि मग आवाज वाढतो.

निवड करताना मी काय करतो ते सांगतो. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, एका दुकानात मी बरीच वर्षं जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "काका, हा लावून तासभर बसलो तर चालेल का?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "विकत घेणार ना?" "तासभरानंतर सांगतो." त्यांनी काउंटरमागचं स्टूल पुढे सरकवलं आणि पंखा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, पंखा नको, घरी इतका वारा नसतो. त्या तासात मी तीनदा मान खाली घातली, एकदा चहा प्यायलो, वडापाव चावून बघितला, मोबाइलवर एक निवेदन पूर्ण ऐकलं. पन्नासाव्या मिनिटाला उजव्या कानाच्या वरच्या टोकाला चुरचुर सुरू झाली. तो हेडफोन मी घेतला नाही. काकांनी काही न बोलता दुसरा काढून दिला.

दुकानात बसायची सोय नसेल तर परत घेण्याची मुदत विचारावी आणि त्या मुदतीत हेडफोन रोज पूर्ण वेळ वापरावा, जपून ठेवू नये. खरेदीच्या आधी आणखी दोन गोष्टी बघाव्यात: कुशनं वेगळी विकत मिळतात का, आणि वायर कपातून सुटी होते का. फोनला लावायचा असेल तर जास्त ओहमचे, २५० किंवा ३०० चे हेडफोन टाळावेत. त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

काकांनी काढून दिलेला तो दुसरा हेडफोन माझ्याकडे आता अकरा वर्षं आहे. वायर दोनदा बदलली. पट्ट्याच्या आतल्या कापडावर घामाची पांढरी रेघ उमटली आहे, ती जात नाही. कुशनांचा हा चौथा जोड. जुना धुऊन गॅलरीतल्या दोरीवर मुलाच्या मोज्यांशेजारी वाळत घातला आहे. हवा दमट आहे, उद्या दुपारपर्यंत तरी वाळेल असं वाटत नाही. नवा जोड आज सकाळी बसवला. आता दुपारचे पावणेदोन झाले आहेत, सातव्या प्रकरणाचं संपादन चालू आहे, आणि जेवायला उठताना हेडफोन गळ्यात घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो हे बायकोने सांगितल्यावर कळलं.